गटाचा वेग, शेवटच्याची चाल
डोंगरवाटांवरील सुरक्षितता : लेखांक 4

वाशिंदच्या उत्तरेला माहुलीची डोंगररांग उभी आहे. सुमारे 2815 फूट उंचीच्या माहुली किल्ल्याला जाणारे बहुतेक गट आसनगाव स्थानकात उतरून पायथ्याचे माहुली गाव गाठतात, तर याच रांगेतील वजीर सुळक्याकडे जाणारे प्रस्तरारोहक वाशिंदहून पुढे सरकतात. मुरबाड तालुक्यातील गोरखगड, सिद्धगड आणि नाणेघाट या वाटांवरही पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी अशीच वर्दळ असते. गटाने गेल्यास धोका कमी होतो हा समज सार्वत्रिक असला, तरी तो गट एकसंध राहिला तरच खरा ठरतो. पुढचा आणि शेवटचा माणूस यांच्यातील अंतर वाढत गेले, की गट नावापुरता उरतो आणि प्रत्येक जण प्रत्यक्षात एकटाच चालू लागतो.

ही फाटाफूट बहुधा कठीण कड्यावर होत नाही, तर पायथ्याच्या सोप्या रानात होते. गुरे चरायला नेताना पडलेल्या वाटांना ढोरवाटा म्हणतात. माहुलीच्या पायथ्याशी अशा ढोरवाटा मुख्य वाटेला ठिकठिकाणी येऊन मिळतात आणि त्या तितक्याच मळलेल्या असल्यामुळे मागे राहिलेल्या माणसाला त्यांतील फरक सहजी उमगत नाही. म्हणून प्रत्येक फाट्यावर, म्हणजे जिथे वाट दुभंगते तिथे, पुढच्याने थांबावे आणि मागचा दृष्टीस पडल्यावरच पाऊल उचलावे, हा नियम अनुभवी गट काटेकोरपणे पाळतात. वाट माहीत असलेला म्होरक्या पुढे, तितकाच जाणता गडी सर्वांत मागे आणि सर्वांत हळू चालणारा म्होरक्याच्या लगेच पाठीशी, अशी रांग लावली की वेग आपोआप हळू चालणाऱ्याच्या चालीने ठरतो. पुढच्यांनी मागच्यांची वाट पाहायची आणि ते येऊन पोहोचताच पुन्हा निघायचे, या पद्धतीत मात्र जो सर्वाधिक थकलेला असतो त्यालाच विश्रांती मिळत नाही.

वेळेचा हिशेबही याच तत्त्वावर मांडावा लागतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार दर 3 मैलांना एक तास आणि दर 2000 फूट चढाईला आणखी एक तास लागतो. पण तो विश्रांती न घेता चालणाऱ्या सुदृढ माणसासाठी आहे. त्यात कोकणपट्टीतील दमट उकाडा, गटातील नवखे आणि वाटेतील अडचणीच्या जागा यांची भर घालावी लागते. माहुलीच्या माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे आणि गोरखगडावर कातळात खोदलेल्या अरुंद, उभ्या पायऱ्या आहेत. अशा ठिकाणी एका वेळी एकानेच चढणे सुरक्षित असल्याने, प्रत्येकाला दोन मिनिटे धरली तरी 25 जणांच्या गटाचा 50 मिनिटांचा वेळ तिथेच जातो आणि उतरताना तो पुन्हा द्यावा लागतो. खाली ताटकळलेल्यांनी शिडीच्या किंवा पायऱ्यांच्या थेट रेषेत उभे राहू नये, कारण वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड त्याच रेषेने घरंगळत येतो. माथा गाठला असो वा नसो, ठरलेल्या वेळी मागे फिरायचेच, हा निर्णय पायथ्याशीच घेऊन सर्वांना सांगितलेला असावा.

तरीही कोणी चुकलाच, तर ओढ्याच्या पात्राने खाली उतरण्याचा मोह त्याने कटाक्षाने टाळावा. सह्याद्री हा लाव्हारसाच्या एकावर एक थिजलेल्या थरांनी बनला आहे. त्यांतील मऊ थर लवकर झिजतात आणि कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने शिल्लक राहतात. त्यामुळे वर संथ वाहणारा ओढा पुढे अचानक कड्यावरून कोसळतो आणि त्याच्या पात्राने उतरलेला माणूस ना वर जाऊ शकत ना खाली, अशा जागी अडकतो. वरच्या पठारावर पाऊस झाला, तर कोरडे पात्रही थोड्याच वेळात दुथडी भरून वाहू लागते. चुकल्याचे लक्षात येताच जागीच थांबून शिट्टी वाजवणे हा खरा उपाय होय. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा शिट्ट्या, हा संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत असून त्याला मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर देतात. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नव्हे. मोबाइलला रेंज असल्यास 112 वर संपर्क साधावा आणि पायथ्याच्या गावाचे नाव आधी सांगावे, कारण मदत तिथूनच वर चढणार असते.

म्हणूनच निघण्यापूर्वी गावातील कोणाला तरी गटाची संख्या, जाण्याची वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवणे अगत्याचे आहे. रानाची खडान्खडा माहिती असलेला स्थानिक वाटाड्या सोबत घेतला, तर चुकण्याचा प्रश्न बव्हंशी मिटतो आणि गावाला रोजगारही मिळतो. गटाच्या प्रमुखाने मोजणी पायथ्याशी, माथ्यावर, प्रत्येक विसाव्याच्या जागी आणि गाव सोडताना करावी. शेवटचा माणूस पायथ्याला पोहोचेपर्यंत मोहीम संपली असे कोणीही मानू नये.

पुढील लेखांकात सर्पदंश आणि आग्या मोहोळाचा हल्ला या प्रसंगी करावयाच्या प्रथमोपचारांचा विचार केला जाईल.