तोंड आलं की प्रतिजैविक कशाला?

वारंवार तोंड येण्याचा त्रास साधारण 100 जणांत 20 जणांना होतो. यातले 80 टक्के व्रण किरकोळ जातीचे असतात: 10 मिलिमीटरहून लहान, मधे पिवळट, कडेला लाल. जेवताना डोळ्यांत पाणी आणतात. पण 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतात. औषधांच्या संशोधनाची खरी अडचण इथेच आहे. आठवड्यानं व्रण गेला की श्रेय शेवटच्या गोळीला, मग ती बी-कॉम्प्लेक्स असो की ‘उष्णते’वरची. प्लासिबोशी तुलना नसलेल्या दाव्याला म्हणूनच फारशी किंमत नाही.

हा संसर्गाचा आजार नव्हे. त्यामागे ठरावीक जंतू सापडलेला नाही. तरी डॉक्सिसायक्लीनसारखं जंतुनाशक औषध चूळ म्हणून का देतात? उत्तराची सुरुवात 1983 मध्ये झाली. न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या लॉर्न गोलब यांच्या गटाला मधुमेही उंदरांत दिसलं की, याच कुळातलं मिनोसायक्लीन हिरड्यांतल्या कोलॅजिनेजला आवर घालतं. हे विकर ऊती पोखरतं. पुढे 1998 मध्ये अमेरिकेत हिरड्यांच्या आजारासाठी डॉक्सिसायक्लीन 20 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं मंजूर झालं. संसर्गावर पहिल्या दिवशी 200 आणि नंतर रोज 100 मिलिग्रॅम देतात. म्हणजे 40 मिलिग्रॅमचा हेतू जंतू मारण्याचा नव्हताच.

चुळीमागेही ऊती पोखरणाऱ्या या विकराला आवरण्याचाच विचार आहे, पण तिचं गणित वेगळं. ब्रिटनमधली रीत अशी: 100 मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी थोड्या पाण्यात टाकायची, 2-3 मिनिटं तोंडात खुळखुळवायची, दिवसातून 4 वेळा, बहुधा 3 दिवस. एकूण 12 गोळ्या. पाणी गिळायचं नाही. गिळलं तर दिवसाला 400 मिलिग्रॅम पोटात जाईल. तिथे 12 वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत, कारण या कुळातली औषधं वाढत्या दातांवर कायमचे डाग पाडतात.

गुण किती? व्रणावर लावायच्या औषधांचे प्रयोग बहुतेक छोटे आहेत. दुखणं कमी होतं, व्रण लवकर भरतो, असं काहींत दिसलं. पुन्हा तोंड येणं थांबतं, याचा भक्कम पुरावा नाही. पोटात घ्यायच्या औषधांचं चित्रही उजळ नाही: 2012 च्या कॉक्रन आढाव्यात 25 चाचण्या तपासूनही एकही उपाय निर्विवाद ठरला नाही. तेव्हा उरलेली कॅप्सूल फोडून घरीच चूळ बनवू नका. आणि 3 आठवड्यांत न भरलेला व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा, दंतवैद्याला दाखवाच. तो कर्करोगही असू शकतो.