टेमोझोलोमाइड

टेमोझोलोमाइड हे मेंदूच्या कर्करोगावर, मुख्यतः ग्लायोब्लास्टोमा या अतिआक्रमक अर्बुदावर, दिले जाणारे रसायनोपचाराचे औषध आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ते तयार झाले. त्याच्या जडणघडणीत संशोधक विद्यार्थ्यांचा वाटा महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी आसपासच्या निरोगी ऊतींमध्ये शिरत जातात. त्यामुळे शस्त्रक्रियेने गाठ काढली, तरी काही पेशी मागे उरतात. त्यांच्यापर्यंत औषध पोहोचवणे अवघड असते, कारण मेंदूतील रक्तवाहिन्यांचे घट्ट जुळलेले अस्तर रक्तातील बहुतेक पदार्थांना मेंदूत शिरू देत नाही. या अस्तराला रक्त-मस्तिष्क अडथळा म्हणतात. आकाराने लहान आणि काही प्रमाणात स्निग्ध पदार्थांत विरघळणारे रेणूच तो सहसा ओलांडू शकतात.

शोध

एकमेकांना जोडलेल्या अनेक नायट्रोजन अणूंची वलये हा स्टीव्हन्स यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांचे संशोधक विद्यार्थी रॉबर्ट स्टोन यांच्या कामातून या कुळातील मिटोझोलोमाइड हे संयुग हाती आले. उंदरांमधील अर्बुदांवर त्याचा प्रभाव लक्षणीय होता. मात्र रुग्णांवरील चाचण्यांत त्याने अस्थिमज्जेला गंभीर इजा केली. रक्तपट्टिकांची संख्या किती घटेल, याचा अंदाज बांधता येईना, म्हणून ते सोडून द्यावे लागले.

मिटोझोलोमाइडमधील क्लोरोएथिल गट डीएनएच्या दोन्ही साखळ्यांना एकमेकींशी जखडतो. त्या जागी लहानसा मेथिल गट बसवला की टेमोझोलोमाइड मिळते. सीसीआरजी ८१०४५ हा त्याचा प्रयोगशाळेतील क्रमांक होता. आधीच्या संयुगाइतके ते तीव्र नव्हते, पण शरीराला अधिक सोसवणारे होते.

मूळ कृतीत मेथिल आयसोसायनेट हा अतिविषारी पदार्थ वापरला जाई. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या कारखान्यातून गळती झाली ती याच रसायनाची. पुढे हा पदार्थ टाळणाऱ्या कृतीही विकसित झाल्या.

कार्यपद्धती

टेमोझोलोमाइड स्वतः कर्करोगाच्या पेशी मारत नाही. ते पूर्वौषध आहे, म्हणजे शरीरात गेल्यावर त्याचे क्रियाशील रूप तयार होते. आम्लात ते टिकते, त्यामुळे जठरातून सुखरूप पुढे जाते व तोंडावाटे कॅप्सूलच्या रूपात देता येते. रक्ताच्या व ऊतींच्या किंचित अल्कधर्मी माध्यमात मात्र ते पाण्याशी अभिक्रिया होऊन आपोआप विघटित होते. यासाठी यकृतातील विकरांची गरज लागत नाही. डॅकार्बाझिन या जुन्या औषधाला ती लागते.

विघटनातून सुटा होणारा मेथिल गट डीएनएला चिकटतो. ग्वानिनच्या सहाव्या स्थानावरील ऑक्सिजनला तो जोडला गेला, की पेशीविभाजनाच्या वेळी ग्वानिनची जोडी सायटोसिनऐवजी थायमिनशी लागते. पेशीची दुरुस्ती यंत्रणा ही चूक वारंवार काढू पाहते. परंतु ती थायमिनच काढते, मूळ बिघडलेले ग्वानिन तसेच राहते. या निष्फळ खटाटोपात अखेर डीएनए तुटतो आणि पेशी मरते.

चिकित्सालयीन चाचण्या

रुग्णांवरील पहिल्या चाचण्या १९८७ पासून लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात एडवर्ड न्यूलँड्स यांच्या नेतृत्वाखाली झाल्या. औषध एकाच मोठ्या मात्रेत दिल्यास फारसा लाभ होत नाही, तेच पाच दिवसांत विभागून दिल्यास परिणाम दिसतो, असे त्यांत आढळले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये, उपचारांनंतर पुन्हा उद्भवलेल्या ॲनाप्लास्टिक ॲस्ट्रोसायटोमासाठी या औषधाला मान्यता दिली. रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखाली युरोप व कॅनडात झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने निदान झालेले ग्लायोब्लास्टोमाचे ५७३ रुग्ण होते. केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने, तर सोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचे १४.६ महिने होते. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. मध्यकातील वाढ अडीच महिन्यांचीच असली, तरी हा उपचार तेव्हापासून प्रमाणभूत ठरला.

प्रतिरोध

सर्वच रुग्णांना सारखा लाभ होत नाही. एमजीएमटी हे प्रथिन ग्वानिनवरील मेथिल गट उचलून स्वतःवर घेते व त्या एकाच दुरुस्तीत निकामी होते. ज्या अर्बुदात हे प्रथिन मुबलक असते, तेथे औषध निष्प्रभ ठरते. याउलट, काही अर्बुदांत एमजीएमटीच्या जनुकाच्या नियंत्रक भागावरच मेथिल गट बसलेले असतात. त्यामुळे ते जनुक मूक राहते आणि औषधाचा प्रभाव वाढतो.

ओ-६-बेंझिलग्वानिन या रेणूने एमजीएमटीला रोखण्याचा प्रयत्न झाला. परंतु त्यामुळे अस्थिमज्जेतील निरोगी पेशींचेही संरक्षण गेले आणि टेमोझोलोमाइडची मात्रा कमी करावी लागली.

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे स्थान

हा प्रतिरोध मोडणारे नवे रेणू शोधण्याच्या कामात पदवी व पदव्युत्तर स्तरावरील विद्यार्थ्यांचाही सहभाग असतो. प्रयोगपात्रात वाढवलेल्या अर्बुदपेशींना संयुगाच्या चढत्या मात्रा देऊन जिवंत पेशींचे प्रमाण मोजणे ही त्यातील प्राथमिक पायरी होय. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्या रंगात रूपांतर करतात; रंगाच्या गडदपणावरून त्यांचे प्रमाण कळते. एमजीएमटी असलेल्या टी९८जी व ते नसलेल्या यू८७ या पेशींची तुलना केल्यास नवे संयुग हा अडथळा ओलांडते का, याचा प्राथमिक अंदाज येतो.

या कामात पेशींची ओळख पडताळणे अत्यावश्यक असते. स्वीडनमधील उप्साला येथे १९६० च्या दशकात एका रुग्णाच्या अर्बुदापासून यू८७ पेशी वाढवल्या गेल्या. जगभर त्याच नावाने वितरित होणाऱ्या पेशी मात्र त्या रुग्णाच्या नसून दुसऱ्याच कोणाच्या आहेत, असे २०१६ मध्ये जनुकीय तपासणीतून निष्पन्न झाले. त्याही ग्लायोब्लास्टोमाच्याच असाव्यात, असे त्या तपासणीतून दिसले, तरी मूळ रुग्णाशी त्यांचा संबंध जोडता येत नाही.

महाराष्ट्रात नवी मुंबईतील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत, उपचारांना दाद न देणाऱ्या ग्लायोब्लास्टोमा पेशींवर संशोधन चालते. किरणोपचारानंतरही जगलेल्या पेशी अर्बुदाची पुन्हा वाढ कशी घडवतात, हा त्यातील एक प्रश्न आहे.