म्हाताऱ्या डांबराला तेलाचा हात

मिलिंग यंत्र रस्ता खरवडत पुढे सरकतं आणि त्याच्या पट्ट्यावरून करड्या ढेकळांचा ढीग ट्रकमध्ये पडत जातो. दिसायला निव्वळ राडारोडा. पण एखादं ढेकूळ फोडलं, की आत खडीला घट्ट धरून बसलेलं काळंभोर डांबर दिसतं. वजनात ते जेमतेम ५ टक्के, पण सगळ्या मालात महाग तेच.

हा माल पुन्हा भट्टीत घालून वापरता येतो. अडचण डांबराच्या वयाची असते. उन्हातान्हात, हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातले तेलकट, हलके घटक घटतात आणि ‘अस्फाल्टीन’ नावाचे जड रेणू वाढून त्यांचे गठ्ठे बनतात. डांबर ठिसूळ होतं, थंडीत तडकतं. म्हणूनच अमेरिकेत नव्या मिश्रणात जुना माल सरासरी २० टक्क्यांच्या आसपासच असतो.

इथे वनस्पतिजन्य तेल कामी येतं. कोरड्या कणकेला तेलाचा हात लावावा, तसं डांबराच्या वजनाच्या काही टक्के तेल मिसळलं, की ते गठ्ठ्यांमध्ये शिरून त्यांना सुटं करतं. झालेलं ऑक्सिडीकरण त्याने पुसलं जात नाही, पण लवचीकपणा परत येतो. सोयाबीनचं तेल यासाठी वापरतात, तसंच कागद कारखान्यात पाइनच्या लाकडाचा लगदा करताना निघणारं ‘टॉल ऑइल’ही. यातला ‘टॉल’ म्हणजे उंच नव्हे. स्वीडिश भाषेत पाइनला ‘टॉल’ म्हणतात.

मात्र कोणतंही तेल चालत नाही. जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं. तैलरंगात तो गुण, रस्त्यात तोच दोष. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या एरिक कॉक्रन आणि ख्रिस्तोफर विल्यम्स यांनी ओलिक आम्ल जास्त असलेल्या, सहजी न सुकणाऱ्या सोयाबीन तेलापासून डांबरात मिसळायचा पॉलिमर बनवला.

तो २०१८मध्ये अलाबामातल्या ओपेलायकाजवळच्या चाचणी-मार्गावर उतरला. ऑबर्न विद्यापीठाचा हा अंडाकृती रस्ता सुमारे २.७ किलोमीटरचा आहे. त्यावर मालाने लादलेले ट्रक फेऱ्या मारत राहतात आणि रस्त्याने अनेक वर्षांत सोसायचा मार दोन वर्षांत दिला जातो. तेल कमी पडलं तर भेगा, जास्त झालं तर डांबर मऊ होऊन चाकोऱ्या. त्यामुळे अभियंते तिथे दोन गोष्टी मोजत राहतात: भेगा किती वाढल्या आणि चाकोरी किती मिलिमीटर खोल गेली.