जळमटे काढताना : वसंतातील घर आणि घरातील ज्येष्ठ

होळीची राख निवते न निवते तोच आपल्या नंदुरबार जिल्ह्यात उन्हाचा चटका जाणवू लागतो. सातपुड्यात पळस फुललेला असतो, मोहाची फुले गळू लागतात, गहू-हरभरा घरात येतो आणि पाडव्याच्या निमित्ताने घरोघरी जळमटे काढण्याची लगबग सुरू होते. याच दिवसांत थंडीत दडून बसलेले जीवही हालचाल करू लागतात. कोळी, झुरळे, मुंग्या, ढेकूण, विंचू हे सारे सावली, ओलावा आणि अन्न शोधत घराकडे वळतात. यांपैकी कोणाला भ्यावे, कोणाला भिऊ नये आणि त्यांना घालवताना काय टाळावे, हे ज्येष्ठ व्यक्ती असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

प्रथम कोळ्याविषयी. छताच्या कोपऱ्यात लटकणारा काटकुळा कोळी किंवा मोरीच्या भिंतीवर दिसणारा मोठा, चपटा कोळी माणसाला सहसा इजा करीत नाही. उलट डास आणि झुरळे खाऊन तो आपले कामच हलके करतो. तरीही ‘अंगावर कोळी फिरला आणि फोड आले’ हे वाक्य दवाखान्यात वारंवार ऐकू येते. साठीच्या पुढच्या व्यक्तीला छातीच्या, पाठीच्या किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला आधी दोन-तीन दिवस आग होऊन मग पाणीदार फोडांचा पट्टा उठला, तर तो बहुधा कोळ्याचा प्रताप नसतो. ती नागीण असते. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत सुप्त राहतो आणि वाढत्या वयात किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर जागा होतो. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर लाभ अधिक होतो. चुना, गेरू लावण्यात हे तीन दिवस गेले, तर फोड सुकल्यावरही वेदना महिनोन्महिने छळू शकतात. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण दृष्टीला धोका असतो.

भ्यावे ते विंचवाला, विशेषतः लाल विंचवाला. कुडाच्या भिंतीतील फटी, कौलांची वळचण, सरपणाचा ढीग, गोवऱ्यांची उतरंड ही त्याची आवडती ठिकाणे. त्याच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ सुटणे, हातपाय गार पडणे आणि छातीत धडधड ही लक्षणे दिसली तर विष हृदयावर परिणाम करीत आहे, असे समजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा विंचूदंशावर उपयोग दाखवून दिला आणि अनेकांचे प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. रुग्णाला रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या सोबत नेऊन डॉक्टरांना अवश्य दाखवाव्यात.

घरात धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि अनेकदा वेदना किंवा दाताची खूणही जाणवत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, बोलणे अडखळू लागले, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून थांबू नये. घट्ट बांधणे, चिरा देणे, विष चोखणे हे प्रकार करू नयेत. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून सर्पविषावरील लस उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रस्ता लांबचा असतो. म्हणूनच निघण्यात उशीर नको.

आता स्वच्छतेच्या पद्धतीविषयी. जळमटे काढण्यासाठी ज्येष्ठांनी स्टुलावर किंवा खुर्चीवर मुळीच चढू नये. मान वर करून काम करताना भोवळ येते, रक्तदाबाच्या गोळ्यांनी ती अधिक येऊ शकते आणि खुब्याचे हाड मोडले की धडधाकट माणूसही अंथरुणाला खिळतो. लांब काठीला कुंचा बांधून हे काम घरातील तरुणांनी करावे. दम्याच्या रुग्णाने त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसावे. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. डास पळवण्यासाठी मिरच्यांचा किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा धूर बंद खोलीत करू नये. जुन्या खोकल्याच्या रुग्णाला डासापेक्षा तो धूर अधिक बाधतो.

कीटकांपेक्षा कित्येकदा कीटकनाशकच घातक ठरते. कापसावर फवारायचे औषध ढेकणांसाठी खाटेवर शिंपडू नये. ते त्वचेतूनही शरीरात शिरते. अशी औषधे पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नयेत. अंधुक दिसणाऱ्या आजोबांना दोन बाटल्यांतला फरक कळत नाही. धान्यासाठी विकल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून प्राणघातक वायू निघतो. त्या राहत्या घरात वापरूच नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे.

आणखी एक गोष्ट आजीबाईंच्या पेटीची. डांबरगोळ्या घालून ठेवलेली गोधडी नवजात बाळाला तशीच गुंडाळू नये. ‘जी-६-पीडी’ या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्या आदिवासी भागातील काही कुटुंबांत ही कमतरता आढळते. पेटीत डांबरगोळीऐवजी कडुनिंबाचा सुकलेला पाला ठेवावा.

घराभोवतीचे नियम साधे आहेत. सरपण आणि गोवऱ्या भिंतीपासून दूर रचाव्यात. भिंतींच्या फटी माती-शेणाने किंवा सिमेंटने बुजवाव्यात, मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी. रात्री खरकटी भांडी तशीच ठेवू नयेत. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत. ज्येष्ठांनी जमिनीवर न झोपता खाटेवर झोपावे, खाट भिंतीपासून थोडी दूर ओढावी आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. डास, विंचू आणि मण्यार या तिघांपासूनही तिचा आडोसा मिळतो. उशाशी विजेरी असावी. रात्री उठताना आधी उजेड करावा, मग पाय खाली टाकावा. सकाळी चप्पल झटकून घालावी. आणि १०८ हा क्रमांक ठळक अक्षरांत दाराजवळ लिहून ठेवावा, म्हणजे घरात एकट्या असलेल्या आजींनाही तो शोधत बसावे लागणार नाही.