द्विदल राज्यपद्धती
ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक कारभाराची दोन भागांत विभागणी करणारी शासनपद्धती. माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालावर आधारलेल्या १९१९ च्या भारत सरकार अधिनियमानुसार ती १९२१ मध्ये अंमलात आली. अर्थ, जमीन महसूल, पोलीस इ. राखीव विषय गव्हर्नर व त्याचे कार्यकारी मंडळ पाहत असे. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य इ. सोपीव विषय विधिमंडळास जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे होते. तथापि शाळा व रुग्णालये मंत्र्यांकडे आणि तिजोरी राखीव बाजूकडे, अशी ही वाटणी असल्याने मंत्र्यांवर जबाबदारी आली. पण ती पार पाडण्याची साधने त्यांच्या हाती आली नाहीत. शिवाय त्यांचा सल्ला डावलण्याचा अधिकार गव्हर्नरला होता. १९३५ च्या अधिनियमाने प्रांतांतील ही पद्धती रद्द केली व १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली. त्याच अधिनियमात केंद्रासाठी योजिलेली द्विदल पद्धती मात्र, नियोजित संघराज्य अस्तित्वात न आल्यामुळे, कागदावरच राहिली.