दुष्काळाचा निर्णय ऑक्टोबरमध्येच होतो

नवी दिल्ली : एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची रेल्वेगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली, तेव्हा देशभर तिची छायाचित्रे झळकली. त्याआधी काही आठवडे शहरातील पाणवठ्यांभोवती गर्दी आणि भांडणे टाळण्यासाठी जमावबंदी लागू करावी लागली होती. रेल्वेने पाणी पुरवण्याची देशातील ही पहिली वेळ नव्हती. १९८६ मध्ये राजकोटला आणि १९९० मध्ये मध्य प्रदेशातील देवासला याच मार्गाने पाणी द्यावे लागले होते. पाण्याची ओरड एप्रिल-मे महिन्यांत होते, म्हणून दुष्काळ हे उन्हाळ्याचे संकट आहे, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात उन्हाळ्यात किती पाणी शिल्लक राहणार, हे पावसाळा संपताच बहुतांशी ठरलेले असते. ते कळल्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात गावाने आणि प्रशासनाने काय केले, यावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात.

दुष्काळ कशाला म्हणावे, याविषयीही बराच गोंधळ आढळतो. एखाद्या प्रदेशात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी पाऊस झाला, तर हवामानशास्त्राच्या भाषेत तेथे अवर्षण झाले, असे मानले जाते. ही तूट ५० टक्क्यांच्या पुढे गेली की ते तीव्र ठरते. पण पाऊस सरासरीइतका होऊनही पीक जाऊ शकते. पेरणीनंतर तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले आणि नंतर चार दिवसांत सारा पाऊस कोसळला, तर आकडेवारी सरासरी भरून निघाल्याचे दाखवते आणि शिवार मात्र करपलेले असते. हा कृषी दुष्काळ. धरणे, तलाव आणि विहिरी यांवर होणारा परिणाम याहूनही उशिरा दिसतो. त्याला जलशास्त्रीय दुष्काळ म्हणतात. २०२३ चे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. परंतु ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खरिपाची पिके फुलोऱ्यात असतानाचा हा खंड हंगामी सरासरीत जवळजवळ दिसेनासा होतो.

जाहीर करण्याची पद्धत

दुष्काळ जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारांचा आहे. त्यासाठीचे निकष केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत दिले आहेत. पहिली कळ पावसाची : एकूण तूट, अथवा सलग तीन ते चार आठवडे सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस. ती लागू झाली की पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा, जलाशयांतील साठा आणि भूजलाची पातळी हे परिणामदर्शक निर्देशांक पाहिले जातात. त्यानंतर निवडलेल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष शेतात जाऊन पडताळणी होते. महाराष्ट्रात ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या पैसेवारीच्या पद्धतीत पीक पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर सारे ठरत असे. तिच्या तुलनेत नवी पद्धत अधिक शास्त्रीय आहे, यात शंका नाही. मात्र ती वेळखाऊही आहे. खरिपाचा दुष्काळ साधारणपणे ऑक्टोबरअखेरीस जाहीर होतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत आणि २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो दोन्ही वेळा ३१ ऑक्टोबरला.

जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, गरजेनुसार टँकर, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत आणि त्या पंपांची वीजजोडणी न तोडण्याचे संरक्षण मिळते. हातातले पीक गेलेल्या कुटुंबाला ही मदत हवीच. पण तिचे स्वरूप नीट पाहिले, तर ती झालेल्या नुकसानीची भरपाई आहे; उरलेल्या पाण्याविषयी ती काहीच सांगत नाही. उलट पंप चालू ठेवण्याची सोय ती करते आणि गावाचे पिण्याचे पाणी त्याच पंपांतून डिसेंबर-जानेवारीत पिकांना जाते. या विसंगतीची चर्चा जितकी व्हायला हवी तितकी होत नाही.

पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे नाव या संदर्भात वारंवार घेतले जाते. पद्मश्रीने गौरवले गेलेले पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९८९-९० पासून तेथे झालेली समतल चर, बांध आणि वृक्षलागवडीची कामे सर्वपरिचित आहेत. भेटीला येणारे पाहुणे तीच पाहून जातात. गावाचे वेगळेपण मात्र त्यानंतरच्या शिस्तीत आहे. सिंचनासाठी विंधन विहीर घ्यायची नाही, ऊस आणि केळी यांसारखी तहानलेली पिके टाळायची आणि पावसाळा संपला की झालेल्या पावसाची मोजणी करून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. सुमारे ४०० मिलिमीटर सरासरी पावसाच्या गावाला ते पाळावेच लागतात.

हा ताळेबंद कसा मांडतात, हे एका काल्पनिक गावाच्या उदाहरणाने समजून घेता येईल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर पाणी मिळते. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर असेल, तर ४० लाख घनमीटर पाणी गावाच्या शिवारात पडले. त्यातील मोठा भाग बाष्पीभवनाने उडून जातो, काही मातीत ओलावा म्हणून राहतो, काही ओढ्याने वाहून जातो. दख्खनच्या कठीण काळ्या खडकात साधारण दशांश पाणी मुरले असे धरले, तर भूजलात ४ लाख घनमीटरची भर पडते. गावात १,५०० माणसे असतील आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी लागत असेल, तर वर्षाला सुमारे ३० हजार घनमीटर बाजूला ठेवावे लागेल. ८०० मोठ्या जनावरांना प्रत्येकी ५० लिटर धरल्यास आणखी सुमारे १५ हजार. उरले साडेतीन लाख घनमीटर. गव्हाला हेक्टरी ४ हजार घनमीटर लागतात असे मानले, तर एवढ्या पाण्यावर सुमारे ८८ हेक्टर गहू भिजतो. त्याऐवजी रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाणी, म्हणजे हेक्टरी दीड हजार घनमीटर द्यायचे ठरवले, तर क्षेत्र २३० हेक्टरांच्या पुढे जाते. आणि उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर लागत असतील, तर १७-१८ हेक्टरांतच सारे पाणी संपते.

आता पाऊस २५० मिलिमीटरच झाला आणि मुरलेले पाणी निम्म्यावर आले असे समजू. माणसे आणि जनावरे यांची गरज तीच राहते. शेतीसाठी मात्र दीड लाखाच्या आसपासच घनमीटर उरतात. गहू ३८ हेक्टर, किंवा ज्वारी १०० हेक्टरांच्या थोडी वर. हे कागदावरचे गणित ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करता येते. ते न करता गावाने नेहमीइतकाच गहू पेरला, तर फेब्रुवारीत विहिरींचे तळ दिसू लागतात आणि पिण्याच्या पाण्यासाठी राखायला काही उरत नाही. जमिनीखालचे पाणी गावाची हद्द पाळत नाही, शेजारच्या गावातील उपसा आपल्या विहिरीवर परिणाम करतो, हा या गणितातील मोठा अडथळा आहे. म्हणून ताळेबंद एकट्या गावापेक्षा पाणलोटाच्या पातळीवर मांडलेला अधिक उपयोगी पडतो.

आंध्र प्रदेशात तसा प्रयोग झाला. अनंतपूर, चित्तूर, कडप्पा, कर्नूल, प्रकाशम आणि आता तेलंगणात असलेले महबूबनगर व नलगोंडा या सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील सहाशेहून अधिक वस्त्यांमधील शेतकऱ्यांना पर्जन्यमापक आणि विहिरीची पातळी मोजण्याची साधने देण्यात आली. अन्न आणि कृषी संघटनेच्या साहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात शेतकऱ्यांनीच नोंदी ठेवल्या आणि रब्बीपूर्वी एकत्र बसून पाणी किती उरले हे पाहिले. कोणावरही पिकाची सक्ती नव्हती आणि उपशावर बंदीही नव्हती. आकडे सर्वांसमोर आल्यावर अनेक शेतकऱ्यांनी भाताचे क्षेत्र कमी करून कमी पाण्याची पिके घेतली. ‘अटल भूजल’ योजनेने हाच विचार महाराष्ट्रासह सात राज्यांतील ग्रामपंचायतींत नेण्याचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा आराखडा ६ हजार कोटी रुपयांचा असून त्याचा निम्मा भार जागतिक बँकेच्या कर्जाचा आहे.

साठवण आणि उपसा

पाणी अडवण्याची कामे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात १९८५ नंतर राजेंद्र सिंह यांच्या तरुण भारत संघाने गावकऱ्यांसह बांधलेल्या जोहडांनी विहिरींना पाणी आणले. त्यानंतर अरवरी नदीच्या खोऱ्यातील गावांनी आपली ‘संसद’ स्थापून पाण्याच्या वापराचे नियम ठरवले; नियमांची ही पुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. देवासमध्येही २००६ पासून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग देऊन मोठी शेततळी खोदली. त्यांत पावसाचे वाहते पाणी साठत असल्याने कूपनलिकांवरील भार कमी झाला. महाराष्ट्रात शेततळ्याने अनेक ठिकाणी उलटी वाट धरली. प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी पावसाच्या पाण्याऐवजी विहीर किंवा विंधन विहिरीतून पंपाने भरली जातात. खडकाखाली सुरक्षित असलेले सार्वजनिक पाणी अशा रीतीने उघड्यावर येते, उन्हाने काही उडून जाते आणि उरलेले एका मालकाचे होते. फळबाग जगवण्याची त्या शेतकऱ्याची निकड खरी असते, परंतु किंमत शेजारच्या उथळ विहिरीला मोजावी लागते.

महाराष्ट्रातील जलयुक्त शिवार अभियानावर पहिल्या टप्प्यात ९ हजार ६३३ कोटी रुपये खर्च झाले. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी त्याच्या परीक्षणात भूजल पातळी वाढण्यावर त्याचा परिणाम अल्प राहिल्याचे नोंदवले. ओढे खोल केले, पण उपसा मोजला नाही, तर याहून वेगळे घडणे कठीण. देशात दरवर्षी काढल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के सिंचनाला जाते. राज्यात पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरील ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे. तरीही उसाला ठरलेला भाव आणि ठरलेला खरेदीदार असतो, ज्वारीला दोन्हींची शाश्वती नसते. केवळ प्रबोधनाने पीक बदलत नाही, ते यामुळेच.

जूनमध्ये करायच्या गोष्टी

काही तयारीला ऑक्टोबरही उशिराचा ठरतो. हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने देशातील ६०० हून अधिक जिल्ह्यांसाठी आपत्कालीन पीक आराखडे तयार केले आहेत. पाऊस दोन, चार, सहा किंवा आठ आठवडे लांबला तर कोणते पीक आणि कोणता वाण घ्यायचा, मध्येच खंड पडला तर काय करायचे, याचे जमिनीच्या प्रकारानुसार मार्गदर्शन त्यांत आहे. त्यातील शिफारस उत्तम असली, तरी जुलैअखेर बाजारात त्या वाणाचे बियाणे नसेल तर ती कागदावरच राहते. तूर, बाजरी, मटकी, सूर्यफूल यांचे बियाणे राखीव ठेवणे खर्चिक आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी ते पडून राहते, आणि लेखापरीक्षणात तो अपव्यय ठरू शकतो.

चाऱ्याचेही तसेच. मराठवाड्यात सोयाबीनचे क्षेत्र वाढले आणि ज्वारीचे घटले, तशी कडब्याची गंजी घराघरांतून नाहीशी झाली. रोख पैसा वाढला, पण दुष्काळी वर्षातील जनावरांचा आधार गेला. चारा संपला की शेतकरी मिळेल त्या भावाने बैल विकतो आणि पुढच्या पावसाळ्यात मशागतीसाठी कर्ज काढतो. पाणी असताना मका किंवा ज्वारीचा मुरघास करून ठेवणे, गावाने सामायिक चाराकोठी राखणे हे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. ते छावणी उघडण्याच्या कितीतरी आधी करावे लागतात.

मजुरीची तजवीज हा महाराष्ट्राने देशाला दिलेला धडा आहे. १९७२ च्या दुष्काळात, मे १९७३ मध्ये, राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचाच आधार लाभला. मंजूर आराखड्यातील कामे तयार असतील, तर पेरणी फसल्यापासून पंधरा दिवसांत हाताला काम देता येते. नसतील, तर कुटुंब ऊसतोडीला किंवा शहराच्या नाक्यावर गेलेले असते.

राहतो तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरींचा प्रश्न. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास मनाई करणारा आणि टंचाईच्या काळात एक किलोमीटरच्या परिसरातील उपशावर निर्बंध घालण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना देणारा कायदा महाराष्ट्राने १९९३ मध्येच केला होता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातील पावसाळ्यानंतरच्या मोजणीवरून कोणत्या तालुक्यात टंचाई येणार, याचा अंदाज बांधता येतो. निर्बंधाचा आदेश रब्बीच्या पेरणीआधी निघाला, तर शेतकऱ्याला पीक बदलता येते. तोच आदेश जानेवारीत, गहू ओंबीवर असताना निघाला, तर तो पाळणे म्हणजे उभे पीक सोडून देणे होय.