बोलण्याची बेरीज कशी करायची?

शंभर माणसांची उंची मोजली तर सरासरी काढता येते. शंभर माणसांनी आपल्या आजारपणाविषयी जे सांगितले, त्याची सरासरी काय काढणार? गुणात्मक संशोधन करणाऱ्यापुढे हा प्रश्न नेहमीचाच. त्याच्या टेबलावर आकडे नसतात. उतरवून घेतलेल्या मुलाखती असतात, पाहिलेल्या प्रसंगांची टिपणे असतात. मी संशोधक नाही, कवी आहे. पण बोलण्यातून अर्थ शोधणे हे आमचेही काम असल्याने या मंडळींच्या पद्धतींचे मला कुतूहल आहे.

घरचेच उदाहरण घेतो. माझे अब्बा शेवटच्या आजारात होते. डॉक्टरांनी काय ते आम्हाला सांगितले होते. अब्बांना कुणी काही सांगितले नव्हते. एका संध्याकाळी ते म्हणाले, ‘‘पुढच्या ईदच्या आधी घराला रंग लावून घेऊ.’’ थोड्या वेळाने अम्मीला हळूच म्हणाले, ‘‘कुणाकुणाचे देणे राहिले आहे, ते देऊन टाक.’’ आणि मी खोलीत शिरताच, ‘‘आज बरे वाटते आहे.’’

या तीन वाक्यांचे विश्लेषण कसे होईल?

एक पद्धत आशयसूत्रांची. प्रत्येक वाक्याला छोटे नाव द्यायचे : ‘आशा’, ‘निरवानिरव’, ‘धीर देणे’. अनेक मुलाखतींतली अशी नावे जवळ आणली की मोठी सूत्रे दिसू लागतात. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये या पद्धतीच्या पायऱ्या नीट मांडल्या, तेव्हापासून ती फार वापरली जाते. दुसरी पद्धत कथनाची. तिथे वाक्ये सुटी करायची नाहीत. आधी रंगाची गोष्ट आणि मग देण्याची, हा क्रमच महत्त्वाचा. तिसरी पद्धत बोलण्याकडे कृती म्हणून पाहते. ‘बरे वाटते आहे’ ही प्रकृतीची बातमी नव्हे. मुलाने काही विचारू नये म्हणून हलकेच लोटलेले ते दार आहे. वाक्ये तीच, पण प्रत्येक पद्धत वेगळा प्रश्न विचारते.

चौथ्या पद्धतीचा जन्मच अशा खोल्यांतून झाला. अमेरिकेत १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातील २१९ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल, कॅन्सर झाल्याचे रुग्णाला न सांगण्याकडे होता. हा आकडा मोलाचा आहे. पण न सांगितल्यावर त्या खोलीत पुढे काय घडते, ते त्यात नाही.

ते पाहायला बार्नी ग्लेसर आणि अँसेल्म स्ट्रॉस हे दोन समाजशास्त्रज्ञ सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत गेले. ठरावीक सिद्धांत घेऊन तो तपासायला ते गेले नाहीत. ते पाहत, टिपत, आणि एक प्रसंग दुसऱ्याशेजारी ठेवून विचारत, यांत सारखे काय, वेगळे काय? त्यातून जे सुचे त्यावरून पुढे कुठे जायचे ते ठरे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष, जिथे रुग्णाला मरणाची जाणीव असण्याचा प्रश्नच नाही; शुद्ध हरपलेल्या रुग्णांचा कक्ष; मग अतिदक्षता विभाग, जिथे मरण लवकर येते; मग कॅन्सर विभाग, जिथे ते सावकाश येते. नव्या प्रसंगांतून नवे काही निघेनासे झाले की त्या मुद्द्यापुरते थांबायचे.

या तुलनेतून चार अवस्था हाती आल्या. रुग्णाला काहीच ठाऊक नाही. रुग्णाला संशय आहे. दोन्ही बाजूंना ठाऊक आहे पण दोघेही ठाऊक नसल्याचे सोंग करतात. आणि दोघेही उघडपणे बोलतात. हे पुस्तक १९६५ चे. त्यामागची पद्धत त्यांनी १९६७ मध्ये स्वतंत्र पुस्तकात सांगितली. आधी माहिती, आणि तिच्या पायावर सिद्धांत, असे तिचे सार. अब्बांची तीन वाक्ये मला या तिसऱ्या अवस्थेत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आशेचे वाक्य खोटे नाही आणि निरवानिरवही खरी. सोंग एकमेकांना सांभाळण्यासाठीच असते. पण त्यात निरोप घ्यायचा राहून जातो.

आकडे पुढे बदलले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतीलच तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर रुग्णाला सांगण्याच्या बाजूचे निघाले. हा बदल एका पुस्तकाने घडवला असे कुणी म्हणणार नाही. मात्र खोलीतल्या त्या मौनाला नाव मिळाले, आणि नाव मिळालेल्या गोष्टीविषयी डॉक्टरांना, परिचारिकांना, घरच्यांना बोलता येते.

आता संगणकावर हजारो पानांतली एका नावाची वाक्ये क्षणात गोळा होतात. तरीही नाव बरोबर दिले की नाही, हे माणसालाच पाहावे लागते. चांगला संशोधक म्हणून दोन पथ्ये पाळतो. आपल्या सूत्रात न बसणारे वाक्य तो टाकून देत नाही, मुद्दाम वर ठेवतो. आणि निष्कर्षासोबत सांगणाऱ्याचे मूळ शब्दही छापतो, म्हणजे वाचकाला ताडून पाहता येते. बोलण्याची बेरीज होत नाही. ते शेजारी शेजारी मांडून, पुन्हा पुन्हा वाचावे लागते. कुणी विश्वासाने आपल्याजवळ बोलले असेल, तर एवढे त्याचे आपल्याकडे देणे लागते.